प्रतिमाची हद्द

"तुम्ही एडिसनला ना?" असं कोणी विचारलं की प्रतिमाच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. न्यू जर्सीच्या त्या पट्ट्यातला मराठी माणूस स्वतःला सरसकट एडिसनचाच म्हणवतो. ओक ट्री रोडवर जाऊन कोथिंबिरीची जुडी आणतो ना, मग एडिसनचाच की, असं त्याचं सरळ गणित. प्रतिमाला हे खपत नाही. "एडिसन तिकडे राहिलं," ती म्हणते. "आम्ही बरोत राहतो. रूळ ओलांडलेत की टाउनशिप लागते. ते गाव निराळं, हे गाव निराळं." समोरचा बिचारा "असं का?" म्हणतो, आणि तिथेच फसतो.

कारण मग बरो म्हणजे काय ते ऐकावं लागतं. बरो म्हणजे जुन्या इंग्रजीतलं बुर्ह, तटबंदीचं गाव. टाउन म्हणजे कुंपण घातलेली जागा. शायर म्हणजे मुशायऱ्यातला नव्हे हो, एखाद्याच्या ताब्यात दिलेला मुलूख, आणि त्याचा कारभारी तो शेरीफ. शंभर कुटुंबांचा टापू तो हंड्रेड. शेजारच्या डेलावेअरमध्ये जमिनीच्या कागदांवर हा शब्द अजून सापडतो. जिथल्या सभेत शस्त्रं दाखवून होकार भरायचे तो वॅपनटेक. "आपल्याकडे नाही का, मौजे, तर्फ, परगणा? तसंच." एवढं होईस्तोवर समोरच्याच्या पिशवीतलं फ्रोझन पनीर वितळायला लागलेलं असतं. हे सगळं तिला विचारतं कोण? कोणी नाही. तिची बोच तीच तर आहे.

प्रतिमा मूळची वडूजची. वडील त्र्यंबकराव तालुका कोर्टात बेलीफ होते. आता बेलीफ म्हणजे काय, ते ज्याच्या दारात तो उभा राहिला त्यालाच ठाऊक. समन्स बजवायचं, जप्ती न्यायची, लोकांची तांब्यापितळेची भांडी अंगणात मांडून पंचनामा करायचा. माणूस गरीब गाय, पण गावाला माणसाशी काय करायचंय, गाव हातातला हुकूम बघतं. त्र्यंबकरावांचा एक नेम होता. ज्या घरी पाणी प्यायलो त्या घरची जप्ती आपण करायची नाही. तसं काही आलंच तर कामं वाटून देणाऱ्या वरच्या नाझराचे पाय धरायचे आणि काम दुसऱ्या बेलिफाच्या गळ्यात घालायचं.

आणि एवढं करून पदरात काय पडलं? चैत्रात गल्लीत घरोघर गौर बसायची, वाटल्या डाळीला फोडणी दिल्याचा वास रस्त्यावर यायचा, आणि प्रतिमाची आई सुहासिनी ठेवणीतलं पातळ नेसून दारात बसायची. बोलावणं म्हणून यायचं नाही. बेलिफाच्या बायकोचा पाय घराला लागला की मागोमाग बेलीफ येतो, असं बायका बोलायच्या. नाव सुहासिनी, पण सवाष्ण म्हणून तिला कोणी विचारलं नाही. दिवेलागणीला ती पातळ बदलून भाकऱ्या थापायला बसायची. प्रतिमाने हे दर चैत्रात पाहिलं, आणि मनाशी गाठ बांधली की आपण शिकून मोठं व्हायचं, इतकं की लोकांनी हातात अक्षत घेऊन बोलवायला यावं.

शिकली ती. पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, भाषेच्या इतिहासात पहिली आली. सरांनी सांगितलं, पीएचडी कर. तेवढ्यात केदारचं स्थळ आलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, अमेरिकेत, स्वभावाने लोण्याचा गोळा. लग्न झालं, आणि प्रतिमा अशा व्हिसावर इथे आली की नवऱ्याने कमवायचं आणि बायकोने काहीही करायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही. मुलगा ईशान झाला, मोठा झाला, फ्रिस्कोला नोकरीला लागला, रविवारी फोन करायला लागला, आणि तोही "हाय मॉम, ऑल गुड?" एवढाच. पॉटलकच्या जेवणाला बायका एकमेकींना ओळख करून द्यायच्या, "ही डेटा सायन्समध्ये, ही फार्मा कंपनीत, आणि ही आपली प्रतिमा." आपली प्रतिमा म्हणजे पुढे सांगण्यासारखं काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. ग्रीन कार्ड आलं तेव्हा तिच्या भांगात पांढरं दिसायला लागलं होतं.

मग बरोच्या शाळांच्या कचेरीत नोकरी लागली. टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, गळ्यात ओळखपत्र आलं. काम होतं रहिवास तपासण्याचं. त्या बरोच्या शाळा नावाजलेल्या, आणि शाळेत जागा फक्त बरोत राहणाऱ्याच्या पोराला. आता चांगली शाळा आणि परवडणारं घर एकाच हद्दीत मिळेल तर ती अमेरिका कसली? लोक राहतात रुळांपलीकडे आणि पत्ता देतात अलीकडच्या कुणाचा तरी. ते पकडायचं. पहिल्याच आठवड्यात तिची साहेबीण डॉना हसून म्हणाली, "प्रतिमा, दॅट्स युअर बेलीविक." तो तुझा प्रांत.

घरी येऊन प्रतिमाने जाडा शब्दकोश काढला. शब्द तिला माहीत होता, तरी काढला. बेलीविक, बेलिफाचा मुलूख. त्या ओळीवर बोट ठेवून ती बराच वेळ बसली. वडिलांना फोन करावासा वाटला, पण ते जाऊन कैक वर्षं झाली होती. केदारला सांगितलं तर तो म्हणाला, "वा, छान वर्ड आहे," आणि भाताचा कुकर लावायला गेला.

कामात मात्र ती वाघीण निघाली. आधीच्या अमेरिकन क्लार्कला आपली माणसं गुंडाळून ठेवायची. मुलगा अंकलकडे राहतो म्हटलं की ती बिचारी विश्वास ठेवायची, तिच्याकडे अंकल म्हणजे सख्खाच. प्रतिमा चष्म्यावरून बघायची आणि मराठीत विचारायची, "सख्खे काका की नुसतेच काका?" समोरच्याचा चेहरा खाडकन उतरायचा. मुलांना गोडीगुलाबीने विचारायची, सकाळी शाळेत येताना मध्ये ट्रेन लागते का रे? मूल खरं बोलायचं. मुलं बोलतातच. आईबाप काउंटरच्या पलीकडे ओठ चावत उभे राहायचे, आणि प्रतिमाला आतून एक ऊब वाटायची. ती ऊब तिला कशानेच मिळाली नव्हती, ना एम.ए.ने, ना संसाराने.

त्याची किंमत लोकांनी वसूल केली. मंडळाच्या गणपतीत सगळे वाकून नमस्कार करायचे, "प्रतिमाताई, कशा आहात?" पण घरी या असं कोणी म्हणेना. हळूहळू बारसं, डोहाळजेवण, मंगळागौर, सगळ्यांची आमंत्रणं थांबली. फोटो मात्र दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर दिसायचे. "मी कायद्याने वागते, लोकांना झोंबतं," असं ती केदारला सांगायची. केदार मान हलवायचा. वडूजच्या त्या दारात बसलेली बाई प्रतिमाला आठवत नसेल असं नाही, पण ती आठवण आली की ती टीव्हीचा आवाज वाढवायची.

आणि अशात एप्रिलमध्ये आश्लेषाचा मेसेज आला. "ताई, शनिवारी दुपारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. नक्की यायचं हं." खाली घराचा पत्ता.

आश्लेषा नागपूरची, तिशीतली, एका औषध कंपनीत कामाला. दोन वर्षांपूर्वी मुलीला शाळेत घालायला आली तेव्हा प्रतिमानेच कागद तपासले होते, आणि तेव्हा ते खरोखर बरोतच भाड्याने राहत होते. मुलगी कादंबरी, आता सहा वर्षांची. पोरगी गोरीगोमटी, हुशार डोळ्यांची, पण बोलायची नाही. घरात आईशी दोनचार शब्द, बाहेर तोंडाला कुलूप. शाळेत वाचा शिकवणाऱ्या एक बाई होत्या, मिस रूथ. त्यांनी पहिलं वर्षभर पोरीशेजारी जमिनीवर नुसतं बसून काढलं आणि दुसऱ्या वर्षी ती त्यांच्या कानात बोलायला लागली. पुढे नवरा सिद्धेशची नोकरी गेली, त्याला चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं, तो तिकडे गेला. आश्लेषा मागे राहिली ती निव्वळ या मिस रूथसाठी. नवीन गावात नवीन बाई, म्हणजे पोरगी पुन्हा शून्यावर, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. हे सगळं प्रतिमाला माहीत होतं. कचेरीत सगळं कळतं.

शनिवारी प्रतिमाने पैठणी काढली. नारळी काठाची, लग्नातली. केदार म्हणाला, "एवढी?" ती म्हणाली, "गौरीला जातेय, ग्रोसरीला नाही." गाडीत बसून फोनवर पत्ता लावला आणि निघाली. मोठा रस्ता झाला, स्टेशन झालं, रूळ ओलांडले, आणि उजवीकडे टाउनशिपची पांढरी पाटी मागे गेली. प्रतिमाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागच्याने हॉर्न दिला. अच्छा, म्हणजे असं आहे तर.

ती परत फिरली नाही. परत फिरायला हवं होतं. त्र्यंबकराव असते तर रुळांवरूनच फिरले असते.

आश्लेषाने दुसऱ्या मजल्यावरच्या त्या टीचभर घरात गौर काय सुरेख मांडली होती. छोट्या झोपाळ्यावर अन्नपूर्णा, मोगरा मिळाला नाही म्हणून ट्रेडर जोजमधली पांढरी फुलं, कलिंगडाचं कमळ, कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. दहाबारा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. पन्ह्याचे पेले भरत होती यामिनी, आश्लेषाची जिवाभावाची मैत्रीण, मुंबईची, बरोत स्वतःचं टाउनहाउस असलेली. प्रतिमा दारात दिसली तसा यामिनीचा हात थांबला. खोलीतली कुजबुजही थांबली. आश्लेषाला मात्र त्याचं काही नाही. ती धावत आली, प्रतिमाला हाताला धरून थेट गौरीसमोर नेलं, हळदकुंकू लावलं, ओटीत हरभरे घातले, आणि वाकून नमस्कार केला. प्रतिमाने ओटीचा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला. किती वर्षांनी कुणी तिची ओटी भरत होतं. आई असती तर, असंही मनात येऊन गेलं.

टेबलाखाली कादंबरी बसली होती. प्रतिमाने खाली वाकून "काय गं, नाव काय तुझं?" विचारलं. पोरीने आईच्या साडीत तोंड लपवलं. "बोलेल हो ताई," आश्लेषा म्हणाली, "आता रूथबाईंशी चांगली वाक्यं बोलते. महिन्या-दोन महिन्यांत बघा." आणि मग, हातात पन्ह्याचा पेला देता देता, सगळ्या बायकांच्या देखत, हसत हसत ती बोलून गेली, "ताई, तुम्हाला मेसेजमध्ये इथला पत्ता टाकला तेव्हाच म्हटलं, यांच्यापासून काय लपवायचंय? भाडं झेपेना म्हणून इकडे आलो, तेव्हापासून शाळेत यामिनीचा पत्ता दिलाय आम्ही. पण आता शाळेत आपलंच माणूस बसलंय म्हटल्यावर कसली भीती? होय ना?"

बायका हसल्या. सुटल्यासारख्या हसल्या. कोणीतरी म्हणालं, "हो ना, आपल्या प्रतिमाताई."

आपल्या प्रतिमाताई. घासात खडा लागावा तसा तो शब्द तिला लागला. पुन्हा तेच. म्हणजे ही खुर्ची, हे ओळखपत्र, हा एवढा मुलूख, सगळं फुकट. या बाईच्या लेखी आपण पॉटलकमधल्या त्याच, पुढे सांगण्यासारखं काही नसलेल्या. घाबरली असती तर गोष्ट वेगळी. हात धरून बाजूला नेलं असतं, "ताई, तुमच्या हातात आहे," एवढं म्हणाली असती, तर प्रतिमाने डोळेझाक केली असती. निदान तिने स्वतःला तसं बजावलं. मागायचं सोडून हिने गृहीत धरलं. प्रतिमा हसली, पन्हं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, डाळीची दोनदा स्तुती केली आणि निघाली.

संध्याकाळी केदारने सगळं ऐकलं. त्याने आपल्या परीने प्रयत्न केला, तेवढं त्याला द्यायला हवं. "सोड ना यार," तो म्हणाला. "पोरगी आत्ता कुठे बोलायला लागलीय. जून तर आला, शाळेचं वर्ष संपेलच. आणि तुला कोणी विचारलंय का? तुला काही माहीतच नाही, मॅटर क्लोज."

"मी काही केलंय का?" प्रतिमा म्हणाली.

"करणार आहेस. मी ओळखतो तो चेहरा."

"उद्या दुसरं कोणी कळवलं आणि मी त्या घरी जेवून आलेली निघाले, तर? माझी नोकरी जाईल. तू देणार आहेस मला नोकरी?"

हे तिला त्या क्षणी सुचलं होतं, आणि सुचल्यावर खरंच वाटायला लागलं. माणसाचं असंच असतं. आधी करायचं ठरतं, कारण मागाहून धापा टाकत येतं. वडिलांचा नेमही तिला आठवला, नाही असं नाही. पण त्या नेमाने त्यांना काय दिलं? प्यायलेल्या पाण्याला जागले, तरी गावाने वाळीत टाकलंच. मग न जागलेलं काय वाईट? असा हिशोब करून ती ओटीतले हरभरे उसळीला शिजत घालायला उठली.

सोमवारी कचेरीत फ्रँक आला. फ्रँक निवृत्त पोलीस. सकाळी गाडीत कॉफी घेऊन बसायचं आणि कुठलं पोर कुठल्या दारातून बाहेर पडतं ते बघायचं, हे त्याचं काम. प्रतिमाने फोन उघडला, गौरीच्या आमंत्रणाखालचा पत्ता वाचून दाखवला आणि म्हणाली, "फ्रँक, इथे जरा जाऊन ये. फोन आला होता, नाव सांगितलं नाही." फ्रँकने मान डोलावली. निनावी फोन तर रोजचेच. आठवडा संपायच्या आत त्याचं काम झालं, आणि आश्लेषाच्या दोन्ही पत्त्यांवर शाळेची नोटीस गेली.

आश्लेषा काउंटरवर आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. प्रतिमाने तिला आत खुर्चीवर बसवलं, पाण्याची बाटली दिली, दार लोटून घेतलं.

"ताई, काही होऊ शकतं का हो?" आश्लेषाने तिचा हात धरला. "तुमच्या पाया पडते. वर्षाचे थोडेच दिवस राहिलेत. तेवढं रूथबाईंपाशी राहू दे तिला. तुमच्या हातात काही असेल तर करा."

घ्या. हवे होते ते शब्द आले, मागून घेतल्यासारखे, एकही कमी नाही. आणि करता येण्यासारखंही होतं. सुपरिंटेंडेंटकडे विनंती गेली की मुलाला वर्ष पुरं करू द्यायचे, हे प्रतिमाने डोळ्यांनी पाहिलं होतं. गेल्याच साली एका घराला दिलं होतं. एक वाक्य सांगायचं होतं. ते तिच्या जिभेवर आलं. आणि तिला असं आढळलं की हात धरून रडणाऱ्या बाईला नाही म्हणण्यात, तिला हो म्हणण्यापेक्षा, फार जास्त ऊब आहे.

"नियम आहे गं," ती म्हणाली. "मी काय, साधी नोकर."

आश्लेषाने डोळे पुसले. "कोणी सांगितलं असेल हो?"

"ते मला सांगता येत नाही."

"त्या दिवशी तुम्ही आलात, सगळ्यांनी पाहिलं. यामिनी तर आधीपासून म्हणत होती, तिला बोलावू नको. मी म्हटलं, गौरीचं आमंत्रण कुणाला द्यायचं, कुणाला गाळायचं, असं करतात का? सवाष्ण ती सवाष्ण. आणि ओटी भरलेली बाई घात करत नाही, आई सांगायची." ती थांबली, खाली बघत म्हणाली, "राग नका मानू. मला तुमच्यावर शंका नाही."

शाबास. एवढं सगळं सांगून वर राग नका मानू. प्रतिमाने पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. मग अगदी हळू, मोठ्या बहिणीच्या आवाजात ती म्हणाली, "हे बघ, नाव मी घेणार नाही. पण दोन्ही पत्ते कोणाला माहीत होते, कोणाच्या पत्त्यावर गोष्ट आली तर कोणाला जड जाणार होतं, ते तूच बघ. आणि काही माणसं आधीच दुसऱ्याकडे बोट दाखवून ठेवतात. पुढे उपयोगी पडतं."

आश्लेषाचा चेहरा पांढरा पडत गेला. "यामिनीच्या सासूबाई यायच्यात," ती पुटपुटली. "गेल्याच महिन्यात म्हणाली होती, आता पत्त्याचं काहीतरी बघ."

"मी काही म्हटलं नाही हं," प्रतिमा म्हणाली.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. बाई उठली, "थँक यू ताई," म्हणाली, आणि गेली. दोन दिवसांत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं की आश्लेषा आणि यामिनीचं फाटलं, आणि असं फाटलं की आश्लेषाने भर पार्किंग लॉटमध्ये तिच्या अंगावर जाऊन तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. यामिनी ग्रुप सोडून गेली. जी एक मैत्रीण आश्लेषाच्या पोरीला रोज शाळेतून घरी आणून वरणभात भरवायची, ती गेली. प्रतिमाने ते वाचून फोन उलटा ठेवला आणि चहा घेतला.

शुक्रवारी शाळेतला शेवटचा दिवस संपवून आश्लेषा कादंबरीला घेऊन दाखला न्यायला आली. मागोमाग डॉनाही बाहेर आली, कारण मिस रूथ तिच्यापाशी रडून गेल्या होत्या आणि तिला त्या मुलीला बघायचं होतं. प्रतिमाने लिफाफा पुढे केला. आश्लेषा म्हणाली, "ताई, सगळ्या गावात तुम्ही एकट्याच आमच्याशी नीट वागलात." आणि खरोखर मनापासून म्हणाली.

तेवढ्यात कादंबरीने आईचा हात सोडला. ती काउंटरपाशी आली, टाचा उंचावल्या, हनुवटी लाकडावर टेकवली आणि सरळ प्रतिमाकडे बघितलं. तिचे ओठ दोनदा हलले, आवाज आला नाही. डॉनाने तोंडावर हात ठेवला. आणि मग एक बारीक, खरखरीत, पण खणखणीत आवाज आला.

"माय नेम इज कादंबरी. आय लिव्ह ॲट ट्वेल्व्ह एल्म कोर्ट."

यामिनीचा पत्ता. मिस रूथनी पाठ करून घेतला होता. हरवली तर सांगता यावं म्हणून सगळ्याच मुलांकडून घेतात, आणि त्यांच्याकडे जो पत्ता होता तो त्यांनी शिकवला. अनोळखी माणसासमोर पोरीने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलेली ती वाक्यं होती. डॉनाच्या डोळ्यांना धारा लागल्या. आश्लेषा खाली बसली, पोरीला छातीशी धरलं, रडता रडता हसायला लागली. "ऐकलंत ताई? ऐकलंत ना? तुमच्याशी बोलली." कादंबरी आईच्या खांद्यावरून प्रतिमाकडेच बघत होती, शाबासकीची वाट बघत.

काही न बोलता हसता आलं असतं. दगडालाही आलं असतं.

"नाही गं बाळा," प्रतिमा मराठीत म्हणाली. आवाज मधासारखा होता. "तू तिथे राहत नाहीस. ते तुझं घर नव्हे."

पोरीचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने आईकडे पाहिलं, खरं काय ते विचारायला. आश्लेषाला काय सांगता येणार होतं? कादंबरीने तोंड मिटलं, खालचा ओठ आत ओढून घेतला, आणि मान खाली घातली. आश्लेषाने दोनदा हाक मारली, "कादू? बोल ना बाळा. पुन्हा म्हण." पोरगी काउंटरच्या लाकडावर बोट फिरवत राहिली.

मग आश्लेषाने मान वर केली. तिने प्रतिमाकडे बघितलं, नुसतं चेहऱ्याकडे, फार वेळ. त्या चेहऱ्यावर ती आतली ऊब राहून गेली होती, पुसायला उशीर झाला होता. आश्लेषाला आता कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

"यामिनीला मी नको नको ते बोलले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही फेकलं नाही. लिफाफा उचलला, पोरीला कडेवर घेतलं. सहा वर्षांची पोर कडेवर मावत नव्हती, पाय गुडघ्यापर्यंत लोंबत होते. दार लागलं.

"व्हॉट हॅपन्ड?" डॉनाने विचारलं. तिला मराठी कळत नव्हतं, पण दार कसं लागलं ते कळलं होतं. "व्हाय डिड शी स्टॉप?"

"पत्ता चुकीचा सांगत होती," प्रतिमा इंग्रजीत म्हणाली आणि पुढची फाइल ओढली. "दुरुस्त केला."